तीन पुस्तकं आणि एक देराणी

१४ जुलै, सोमवार

परत मार्क कापले! आणि कशासाठी — तर मी विचारलं म्हणून!

डॉक्टर रिपोर्टभर उजवा गुडघा, उजवा गुडघा म्हणतात आणि शेवटच्या वाक्यात एकदम डावा. तो माणूस तिकडे अमेरिकेत तोंडात काहीतरी चघळत बोलणार आणि मी इथे जळगावात कानाला हेडफोन लावून त्याचा रिपोर्ट टाइप करणार. त्याला काय म्हणायचंय ते मी कसं ठरवू? म्हणून फ्लॅग लावला. शंकेची खूण करून रिपोर्ट परत पाठवला — डॉक्टरसाहेब, एकदा बघून घ्या. तर तपासणाऱ्याचा शेरा काय? 'अनावश्यक फ्लॅग. संदर्भावरून कळत होतं.'

कळत होतं म्हणे! मग जुन्या पुस्तकात ठळक अक्षरात का छापलंय, डॉक्टरच्या तोंडचा शब्द बदलू नका म्हणून? ते कंपनीचं पुस्तक. त्यानंतर आलं क्लायंटचं पुस्तक. त्यात लिहिलंय, उघड चूक असेल तर आपण दुरुस्त करा, डॉक्टरांचा वेळ घेऊ नका. आणि तिसरं पुस्तक म्हणजे हितेंद्र सरांचे मेल. मार्चमध्ये मेल — फ्लॅग कमी करा, डावं-उजवं संदर्भ बघून नीट करून टाका. मेमध्ये मेल — शंका आली की फ्लॅग, स्वतःच्या मनाने काही करू नका. जूनमध्ये मेल — फ्लॅग फार वाढलेत, जास्तीच्या फ्लॅगला मार्क कापणार. यातलं कुठलंच रद्द नाही. सगळी चालू! तपासणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते.

तेही सोडा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मयुरी, माझी देराणी — धाकटी जाऊ. तोच डॉक्टर, तसाच रिपोर्ट, तिनेही फ्लॅग लावला. तिचे मार्क कापले? नाही. तिचे कशाला कापतील!

१५ जुलै

आज महिन्याचे स्कोअर भिंतीवर लावले. मयुरी सगळ्यात वर. मी तिच्या खाली. बघितल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमचं-माझं मिळून आपल्या घराचाच पहिला-दुसरा नंबर!" मी हसले. दात दुखेपर्यंत हसले.

१८ जुलै, शुक्रवार

मोठी बातमी. जागा निघाली. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, ही तीन-तीन पुस्तकं आता पुरे, सगळ्यांचं मिळून एकच करायचं. ते काम एका माणसाकडे. 'स्टाइल लीड' म्हणायचं. तो माणूस नियम ठरवणार आणि बाकीच्यांनी त्याच्याप्रमाणे लिहायचं.

मला वाटलं सर माझ्याकडेच बघून बोलताहेत. अकरा वर्षं झाली मला इथे. औषधांची नावं डॉक्टर गिळून टाकतो तरी मला कळतात. नियमांच्या नावाने सगळ्यात जास्त बोंबललं असेल तर मी. दहाच्या आतला आकडा अक्षरात, पण वय आकड्यात, पण वाक्य वयाने सुरू झालं तर परत अक्षरात — हे नव्या पोरींना शिकवता शिकवता माझा घसा बसला. हे पुस्तक एक करावं हे मी सात-आठ वर्षं म्हणतेय. ते माझंच काम आहे!

मग सर म्हणाले, "सध्या दोन नावं डोळ्यासमोर आहेत. कोकिळा मॅडम आणि मयुरी मॅडम."

मयुरी मॅडम! दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सावद्याहून आमच्या घरात आली, ललितभाऊंची बायको म्हणून. घरात बसून कंटाळा येतो म्हणाली, म्हणून मीच तिला ऑफिसात घेऊन आले. मीच सरांना म्हटलं, हुशार आहे, घ्या. पायाने पेडल कसं दाबायचं, आवाज मागे कसा न्यायचा, तेही मी शिकवलं. सहा महिने तिचा एकेक रिपोर्ट माझ्या डोळ्याखालून गेला. माझ्याच स्कूटरवर मागे बसून रोज ऑफिसला येते! आणि आता उद्या मी तिच्यापुढे उभी राहून विचारू, मॅडम, इथे फ्लॅग लावू का?

जळते मी. इथे कोण वाचतंय — लिहूनच टाकते. जळते.

२० जुलै, रविवार

सुट्टीच्या दिवशी तरी डोक्याला शांतता मिळावी ना. नाही. आज सासूबाईंनी कानबाईची, आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाची, तयारी काढली. नागपंचमीनंतरचा रविवार आता दोन आठवड्यांवर आलाय. नरडाण्याकडचे आमचे भाऊबंद सगळे याच घरी येतात.

कानबाईचे नियम म्हणजे आमच्या सासूबाईंच्या तोंडचं पुस्तक. लिहिलेलं कुठेच नाही. दर वर्षी बदलतं, आणि बदललंय म्हणायची सोय नाही. मागच्या वर्षी मी रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू सकाळी निवडले तर केवढा आरडाओरडा — गहू दुपारनंतर निवडायचे असतात, तुले कितींदा सांगू! आज मयुरीने सकाळी सकाळी गहू निवडायला घेतले. मी मनात म्हटलं, आता ऐक. तर सासूबाई काय म्हणाल्या? "बेस कयं वं, येळवर कयं!" छान केलं, वेळेवर केलं म्हणे!

मी सुपाकडे बघत राहिले. मग चहा टाकायला आत गेले, तर मागून सासूबाई म्हणतात, "तिना हात बठ्ठा तुनामायकच चालस."

तिचा हात अगदी माझ्यासारखा चालतो म्हणे! म्हणजे अकरा वर्षं ऑफिसात आणि चौदा वर्षं या घरात मी जे घासून घासून शिकले, ते हिला फुकट आलं. कौतुक तिचं, आणि माझं नाव फक्त माप म्हणून.

नवऱ्याला, भूषणला सांगितलं. तो दीपनगरच्या कामावरून आठवड्याची सुट्टी घेऊन आलाय. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "अगं चांगलंच म्हणाली ना आई." याला सांगून काय उपयोग.

२२ जुलै, मंगळवार

जिंकले!

काल बसून सरांना लांबलचक मेल लिहिला होता. डावं-उजवं हा गमतीचा विषय नाही. कोणाच्या तरी पायावर सुरी चालणार आहे. अशा ठिकाणी संदर्भ बघून आपण बदलणं म्हणजे स्वतःला डॉक्टर समजणं. फ्लॅग लावलाच पाहिजे, आणि जो लावणार नाही त्याची ती गंभीर चूक धरा. असं सगळं लिहिलं, जुन्या पुस्तकाचं पान सांगून.

आज सरांचा सगळ्यांना मेल. 'कोकिळा मॅडमच्या सूचनेवरून — बाजूचा घोळ दिसला की फ्लॅग अनिवार्य. परस्पर बदलल्यास गंभीर चूक.' माझं नाव! सगळ्यांच्या स्क्रीनवर!

गंभीर चूक म्हणजे त्या रिपोर्टला सरळ शून्य. मयुरीने मेल वाचला, माझ्याकडे वळून अंगठा दाखवला. दाखव बाई.

२३ जुलै

आज तिने विचारलं, "ताई, डॉक्टर औषधं एका दमात सांगतात. जुन्या पुस्तकात एकाच परिच्छेदात ठेवा लिहिलंय, क्लायंटच्या पुस्तकात यादी करा. आता कोणतं धरू?"

मला माहीत होतं. या डॉक्टरला यादी लागते. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझा स्कोअर माझ्यापेक्षा जास्त. तूच सांग मला."

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. मग हेडफोन लावून परत कामाला लागली. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसली तेव्हा रोजच्यासारखा माझ्या खांद्यावर हात नव्हता. सीटचं मागचं कडं धरून बसली होती. आकाशवाणी चौकापर्यंत मला वाईट वाटलं. पुढे नाही.

२४ जुलै

तिने यादीच केली होती. बरोबर केली होती. विचारलं कशाला मग?

२८ जुलै, सोमवार

लीडची परीक्षा ठरली. सर म्हणाले, "तुम्हा दोघींना एकच रिपोर्ट देतो. लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकलेलं असेल. आवाज ऐका, रिपोर्ट वाचा, मार्क द्या. कोण कसं तपासतं ते मला बघायचंय."

नाव काढून टाकलेलं! मला हसूच आलं. या ऑफिसातल्या कोणाचाही रिपोर्ट मी नाव न बघता सांगेन कोणाचा ते. पुना दादा कानाला दडे बसल्यासारखा सगळीकडे रिकाम्या जागा सोडतो. वैशाली सगळं घाईत. प्रत्येकाची चाल असते.

३० जुलै, बुधवार

आज रिपोर्ट आला. उघडला आणि मी खुर्ची पुढे ओढून घेतली! तो मयुरीचा होता!

कशावरून? सगळ्यावरून. औषधं एकाखाली एक, नंबर घालून. डॉक्टरने ॲलर्जी शेवटी सांगितली तरी ती उचलून वर, औषधांच्या आधी आणलेली, म्हणजे वाचणाऱ्याला आधी दिसावी. जिथे तिथे 'तो-ती' न म्हणता सरळ 'पेशंट'. मशीनने कच्चा मसुदा दिलेला असतो, बाकीचे त्यावर नुसता हात फिरवतात. हा रिपोर्ट ओळ न् ओळ नवा बांधलेला. अशी चाल ऑफिसात दुसऱ्या कोणाची नाही. रोज शेजारी बसून बघते मी तिचा स्क्रीन.

आणि आवाज कोणाचा? चघळणाऱ्या डॉक्टरचाच! आणि घोळ कोणता? उजवा खांदा, उजवा खांदा, शेवटी डावा! आणि रिपोर्टमध्ये शेवटीही उजवा. परस्पर बदललेला. फ्लॅग नाही!

तीनदा ऐकलं. स्वच्छ 'डावा'. खात्री केली. मग मी लिहिलं — गंभीर चूक. शून्य. शेरा लिहायला जागा होती ती पूर्ण भरली: 'लिहिणाऱ्याला स्वतःच्या हुशारीची फार खात्री आहे असं दिसतं. मांडणी सुबक, पण सुबकपणाच्या आड निष्काळजीपणा लपत नाही. अशा व्यक्तीकडे जबाबदारीचं काम देऊ नये.'

ते शेवटचं वाक्य एकदा खोडलं. मग परत लिहिलं. पाठवून दिलं.

३१ जुलै

काय छान झोप लागली!

२ ऑगस्ट, शनिवार

घरात पाय ठेवायला जागा नाही. भाऊबंद आले. दळण झालं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याचं पीठ वेगळ्या डब्यात. ते रोटाचं पीठ. घरच्यांनीच खायचं आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. एवढा एक नियम मात्र सासूबाईंनी कधी बदलला नाही.

कानबाईच्या नारळाला नथ घालायचा मान दर वर्षी माझा. या वर्षी सासूबाईंनी नथीची डबी मयुरीच्या हातात दिली. सगळ्यांसमोर! नरडाण्याच्या भाईदास काकांच्या घरच्या बाया एकमेकींकडे बघून घेत होत्या. मी गंगाफळ भोपळा चिरत होते, चिरतच राहिले. एवढं बारीक चिरलं की त्याची भाजी नाही, शिराच झाला असता.

मयुरीने नथ हातात धरली आणि विचारलं, "आई, कोणत्या बाजूने घालायची? आमच्याकडे वेगळं असतं."

सासूबाई म्हणाल्या, "माले नको इचारू. कोकिळाले इचार. तिले बठ्ठं माहीत शे."

मयुरी माझ्याकडे आली. हात पुढे करून उभी राहिली. "ताई?"

तेवीस तारखेसारखंच बोलणार होते. पण बायका बघत होत्या. मी हात पुसले, तिचा हात धरून नथ घातली. मान तिचा, हात आम्हा दोघींचा. बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. मग आठवलं, सरांकडे त्या रिपोर्टवर माझं शून्य पडून आहे. मी परत गंगाफळाकडे वळले.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. दिवसभर गाणी, फुगड्या. मयुरी सगळ्यांत पुढे. मला ओढायला आली, मी गुडघा दुखतो म्हटलं. "कोणता, ताई? उजवा की डावा?" म्हणाली आणि इतकी हसली! ऑफिसातली गंमत बाकी कोणाला कळणार? आम्हा दोघींनाच. मला हसू आलं. नको असताना आलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल विसर्जन झालं. आज ऑफिस.

सर भेटले जिन्यात. म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार कडक तपासलंत हो." मी म्हटलं, "नियम आहे सर. तुमच्याच मेलमधला." ते म्हणाले, "हो हो, तुमचाच नियम." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मयुरीने किती दिले असतील? स्वतःचाच रिपोर्ट तपासायला मिळाला, पूर्णच दिले असतील. तसंच असेल तर तेही सरांना दिसलं असेल. दिसू दे! मी काही चुकीचं केलेलं नाही. डावा तो डावाच. चूक आहे ती आहे. उद्या निकाल.

चूक दिसली म्हणून मी मार्क कापले. ती कोणाची आहे हे बघून नाही कापले.

खरं लिही, कोकिळा.

ती कोणाची आहे हे बघून मगच कापले.

६ ऑगस्ट, बुधवार

रिपोर्ट माझा होता. मार्चमधला.

वर कोपऱ्यात तारीख होती. मी बघितलीच नाही, मी चाल ओळखण्यात गुंतले होते. मयुरीने तारीख बघितली, मार्चचा मेल शोधून जोडला, आणि लिहिलं: 'त्या दिवशी हाच नियम होता. पूर्ण मार्क.' सरांनी तो कागद आणि माझा शेरा शेजारी शेजारी ठेवले. जागा तिला. अशा व्यक्तीकडे जबाबदारीचं काम देऊ नये, हे माझंच वाक्य.

सर म्हणाले, "मयुरी मॅडमनी बघताक्षणीच सांगितलं, हा ताईंचा. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, मी लिहिते तसाच आहे ना."

माझा शेरा तिने वाचलाय की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. येताना ती स्कूटरवर सीटचं मागचं कडं धरून बसली होती. आकाशवाणी चौकात ब्रेक जोरात लागला आणि तिचा हात माझ्या खांद्यावर आला. तो तिने घरापर्यंत काढला नाही.

रोटाचं पीठ अजून थोडं शिल्लक आहे. परवाच्या आत संपवायचं, आणि घरच्यांनीच. ती आत पोळ्या लाटतेय. मला हाक मारतेय — "ताई, या ना, गरम आहे." जाते.